माझ्या वजनाचा गूळ

कार्यक्रमाला गेले की सगळ्यात आधी माझ्या खुर्चीची सोय होते. मी ऑटोतून उतरताना आयोजकांपैकी कोणीतरी मला पाहतं, लगबगीनं आत जातं, आणि मी मंडपात पोचेपर्यंत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकीत एक घालून मांडलेल्या असतात. तोंडानं कोणी काही बोलत नाही, सगळं डोळ्यांच्या खुणांवर चालतं. बाकीच्या पाहुण्यांना एकेक खुर्ची आणि मला दोन. पहिली काही वर्षं मी मुकाट्यानं बसत असे. मग एकदा मंचावर ती जोडखुर्चीच उचलून नेली आणि म्हणाले, "बघा, आदिलाबादेत मान कसा करतात. पुढाऱ्याला एक खुर्ची, मला दोन." लोक हसले, आयोजक तर सगळ्यात जास्त हसले. पुढच्या वर्षी त्याच मंडळाचं पुन्हा बोलावणं आलं तेव्हा माझ्यासाठी तीन खुर्च्या एकीत एक घालून ठेवल्या होत्या. त्यांना वाटलं असावं, बाईंना हे आवडतं.

मी एकटीनं मंचावर उभी राहून लोकांना हसवते. कॉलेजातली पोरं याला स्टँडअप म्हणतात, जुने लोक एकपात्री म्हणतात, आणि माझी आई 'तुझं ते बोलणं' म्हणते. दिवसभर मी तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात आमच्या किराणा दुकानात असते. गणपती, नवरात्र, गॅदरिंग, बचतगटाचा मेळावा, जिथून बोलावणं येईल तिथे जाते. मराठीत सुरू करते, मध्ये तेलुगू येते, मागच्या रांगा थंड वाटल्या तर बाजारातली हिंदी आहेच. विषय मात्र एकच. जाड माणूस आणि त्याला सुधारायला निघालेलं बारीक जग.

कान दुखतो म्हणून डॉक्टरकडे गेले, त्यांनी कानात न बघताच वजन कमी करा म्हणून सांगितलं, मी विचारलं, "डॉक्टर, कानाचं किती करू?" मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पोहे खाल्ले, पुन्हा मागून खाल्ले, आणि जाताना दारात म्हणाले, मुलगी फार खात असेल. शेअर ऑटोवाला मला बघितल्यावर आधी मागची सीट बघतो, मग समोर लावलेला देवाचा फोटो. हे सगळं मी मंचावर करून दाखवते. डॉक्टर, पाहुणे, ऑटोवाला, सगळे मीच. एक गोष्ट मात्र मी करत नाही. मी पडून दाखवत नाही, आणि धापा टाकून दाखवत नाही. "ताई, जरा नाचून दाखवा ना," असा आवाज मागून येतोच. "तुमी या आधी, मी शिट्टी वाजवते," म्हणून मी त्याला बसवते.

कारण मी बोलायच्या आधीच पहिला हशा होऊन गेलेला असतो. मी मंचाच्या फळीवर पाय ठेवते, फळी करकरते, आणि लोक हसतात. तो हशा माझ्यावरचा असतो. पुढचा पाऊण तास माझं काम एवढंच, तो हशा माझ्यावरून उचलायचा आणि डॉक्टरवर, पाहुण्यांवर, शेवटी हसणाऱ्यांवर नेऊन ठेवायचा. कधी जमतं. बऱ्याचदा लोक कुठे हसले ते मलाच नीट कळत नाही, आणि घरी जाताना तेच डोक्यात फिरत राहतं.

कार्यक्रम संपला की बायका भोवती येतात. लय हासलो म्हणतात, फोटो काढतात. मग एखादी जवळ सरकून हळूच विचारते, "मंचेरियलले एक डॉक्टर हाय म्हन्तात, त्याची गोळी नाई का घेतली तुमी?" म्हणजे पाऊण तास पाण्यात. पण मला त्या बाईचा राग येत नाही. मला खरं लागतं ते दुसरंच. प्रत्येक गर्दीत माझ्यासारखी एखादी मुलगी असते, ओढणी पोटावर घट्ट धरून शेवटच्या रांगेत बसलेली. ती हसते, तिचे डोळेही पाणावतात, हे मला मंचावरून दिसतं. कार्यक्रम मी तिच्यासाठीच तर करत असते. आणि फोटोची वेळ आली की ती निघून जाते. माझ्या शेजारी उभं राहायचं म्हणजे फोटोत दोघी, आणि तो फोटो मोबाईलवर कुठे कुठे जाणार, हे तिला चांगलं ठाऊक असतं. मीही तिच्या वयात असंच केलं असतं. तरी दर वेळी मी तिला नजरेनं शोधते आणि दर वेळी मला फार एकटं वाटतं.

आता आमच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. आमचं दुकान मुख्यतः गुळाचं. एक वर्षाआड माघात मेडारमच्या जंगलात सम्मक्का-सारक्काची जत्रा भरते. तिथे देवीला गूळ वाहतात, आणि त्या गुळाला गूळ म्हणत नाहीत, बंगारम म्हणतात, म्हणजे सोनं. लेकरू आजारी पडलं, घरात काही अडलं, की बाया नवस बोलतात, त्याच्या वजनाइतकं बंगारम वाहीन म्हणून. जत्रेच्या आधी त्या माणसाला काट्याच्या एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या भेल्या ठेवायच्या. काटा सरळ झाला की दुकानदारानं आकडा मोठ्यानं सांगायचा. थोडा गूळ शेजारीपाजारी वाटायचा आणि बाकीचा देवीला. आमच्याकडे तेलुगू, मराठी, सगळे हे करतात.

तर जत्रेच्या वर्षी दुकानासमोर तीन वाशांच्या तिकाटण्यावर मोठा काटा टांगला जाई आणि रस्ता भरून माणसं जमत. आकडा सांगायला वडिलांचा आवाज मोठा खणखणीत होता. लहानपणी मी पायरीवर बसून तासन् तास ते बघत असे. एखादा जाडजूड अडत्या पारड्यात बसला की लोक कौतुकानं टाळ्या वाजवत. भेल्यांवर भेल्या चढत, तो मिशीत हसत असे, आणि त्याची बायको खाली अभिमानानं उभी असे. जाड बाई बसली की गर्दी तीच, काटा तोच, पण टाळ्यांच्या आधी एक खसखस पिके. तिचा नवरा इकडेतिकडे बघे. बाई आणि बुवा यांच्या वजनातला हा फरक मला कोणी शिकवला नाही, तो मी त्या पायरीवर बसूनच शिकले.

माझ्या नावाचाही एक नवस होता. शाळेत जायच्या आधी मला तापात झटके आले होते, जगेन असं कोणाला वाटत नव्हतं, तेव्हा आई देवीला माझ्या वजनाइतकं बंगारम बोलली. मी वाचले. लगेचच्या जत्रेत घरात सुतक होतं, म्हणून राहिलं. त्यानंतरच्या जत्रेपर्यंत मी अंग धरलं होतं. आजारातून उठलेली पोर म्हणून ज्यानं त्यानं खाऊ घातलं आणि मीही कोणाचं मन मोडलं नाही. वडिलांनी काटा टांगला, मला हाक मारली, आणि आई म्हणाली, "थोडी उतरू द्या न, मंग करू."

मी उतरले नाही. जत्रा येत राहिली आणि दर जत्रेला आई तेच म्हणत राहिली, थोडी उतरू दे. जिल्ह्यात कोणाकोणाला तिनं त्या काट्यावर बसवलं. लहान लेकरं बसवली, लग्न झालेल्या जोड्या बसवल्या, एकानं तर आपलं वासरू आणलं होतं, तेही बसवलं. दुकान आमचं, काटा आमचा, गूळ आमचा, आणि न तोललेली एकटी मी. माझं लग्न जमेना, तेव्हा आई देवघराकडे बघत बसे. वडील गेले, तेव्हाही ती तशीच बघत बसली होती. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळत असे. फिटला नाही तो नवस माझ्या अंगावर आहे, आणि माझ्या अंगामुळेच तो फिटत नाही, अशी ती पेचाची गोष्ट होती.

मला काय हवं होतं ते सरळच सांगते. नवसाचं मला फार काही नव्हतं. मला हवं होतं की आईनं मला भर बाजारात, आमच्याच दुकानासमोर काट्यावर बसवावं, आणि जमलेल्या लोकांसमोर ताठ उभं राहावं. बाकी जगाची समजूत मी मंचावर काढत फिरतच होते. पण घरात एक बाई होती जिला माझी लाज वाटत होती, असं मी धरून चालले होते, आणि जोवर ती लाज तशीच आहे तोवर माझं सगळं बोलणं पोकळ होतं.

परवाच्या जत्रेच्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, मी स्वतःच तिला विचारलं. ती भेल्यांवरचं बारदान काढत होती.

"आई, औंदा बसू का मी?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "औंदा गर्दी लय हाय. थोडी उतरू दे."

मी तिशी ओलांडलेली बाई. मला इतका राग आला की त्याच आठवड्यात मी त्यावर एक तुकडा बसवला. त्यात आई मी, वडील मी, आणि देवीही मीच. देवी जंगलात वाट बघत बसली आहे. दर जत्रेला विचारते, आली का ती पोरगी? नाही, अजून उतरते आहे. पुढच्या जत्रेला पुन्हा विचारते. नाही, अजून उतरतेच आहे. शेवटी देवी वैतागते. "तिच्या आईला म्हणावं, पोरगी उतरली तर गूळ कोणाचा कमी होणार? माझा! येऊ दे आहे तशी!" आणि मग मी लोकांना सांगते, "बघा, डॉक्टर म्हणतो कमी कर, पाहुणे म्हणतात कमी कर, आई म्हणते कमी कर. साऱ्या दुनियेत एकटी ती देवी, जिला माझं वजन वाढलेलं चालतं."

आदिलाबादेत हा तुकडा असा काही उचलला गेला की मला मिनिटभर थांबावं लागलं. मंचेरियलला तेलुगूत केला, तिथे तर बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. हसणं कुठे जातंय हे पहिल्यांदाच मला स्वच्छ दिसलं. ते आईवर जात होतं.

दोन दिवसांनी कोणा गिऱ्हाइकानं तिला मोबाईलवर ते दाखवलं. रात्रीची भाकर वाढताना ती एवढंच म्हणाली, "देवीचं नाव कायले घेतं वं लोकायसमोर?"

"तू ये न एकदा. समोर बसून पाह्य."

"दुकान कोन पाहीन?" ती म्हणाली आणि वरण वाढून आत गेली. ती माझ्या कार्यक्रमाला कधीच आली नव्हती. समोरच्या रांगेत तिच्यासाठी जागा धरायची सवय मी केव्हाच सोडून दिली होती.

मग तलमडुगूकडच्या एका गावातून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. बस फाट्यावर सोडते, तिथून ऑटो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या शेवटच्या वेचणीची झाडं करपून उभी होती. ऑटोत मी एकटीच होते, कारण ऑटोवाल्यानं मागची सीट भरली असं समजून कोणाला घेतलंच नाही. मारुतीच्या देवळापुढे सतरंज्या टाकल्या होत्या. दुपारची वेळ, बाया नवी लुगडी, साड्या नेसून आलेल्या, पुरुष भिंतीला टेकून लांबून बघत होते. देवळापुढचा ओटा हाच मंच. दगडी ओटा करकरला नाही, तरी पहिला हशा झालाच.

कानाचा तुकडा छान गेला. पोह्यांच्या तुकड्याला एका बाईनं ओरडून सांगितलं की तिच्या नणंदेला बघायला आलेल्यांनीही अगदी असंच केलं होतं. सगळं माझ्या हातात आलंय असं वाटलं आणि मी नवसाचा तुकडा सुरू केला. आईचा आवाज काढला, थोडी उतरू दे. कोणी हसलं नाही. वडील, काटा, जत्रा, मग वडिलांचं जाणं. कोणी हसलं नाही. मी देवीच्या आवाजात वैतागले, आणि सबंध जमाव माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मला वाटलं माईक गेला. बोटानं टकटक केलं तर तो चालू होता.

समोर बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली. अंगानं वाळलेली, आवाज मात्र करडा.

"थांब वं माय. हे खरं हाय का?"

"काय खरं, आजी?"

"नवस. तुया नावाचा बोल्ला होता, थो फेडलाच नाई?"

मी अजून मंचावरच्याच आवाजात म्हणाले, "नाही ना आजी. उधारी चालू आहे."

तीही गंमत कोणाला लागली नाही. म्हातारी मागे वळून बायांना म्हणाली, "बाप गेला म्हन्ते, लगन नाई, लेकराचा नवस तसाच ठुला हाय, अन हे हासून राह्यली!" बायांनी चुकचुक केलं. एकीनं तर पदर डोळ्यांना लावला. माझ्या लक्षात आलं की या बायांना तुकडा कळला नाही असं नव्हतं. तो त्यांनी खरा धरला होता. जाड मुलगी, लाजणारी आई, हे सगळं त्यांच्या कानांत शिरलंच नव्हतं. त्यांना ऐकू आलं होतं एवढंच की समोर उभ्या असलेल्या एका पोरीवर देवीचं देणं आहे, आणि ते कोणीतरी फेडायला हवं.

"आजी, मी गंमत करत होते."

"देवीची गंमत नसते करत."

"आणि माझ्याइतका गूळ तुमच्या गावात निघणार नाही," मी शेवटचा प्रयत्न केला.

"निंघन कसा नाई?" ती म्हणाली. "घरोघर हाय. जत्रेले न्यायचा आनून ठुला हाय. परवा आमची गाडी निंघते. तुयाबी घेऊन जातो, तुया नावानं चढवतो. जा वं पोरीहो, काटा आना."

मी नाही नाही म्हणेपर्यंत काटा आलाही. कापूस तोलायचा जुना लाकडी काटा, साखळ्यांना लोंबणाऱ्या दोन रुंद फळ्या. तो देवळापुढच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगला. भिंतीकडचे पुरुष जवळ सरकले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी आईशी मनातल्या मनात भांडत होते ते माझ्यापुढे लोंबत होतं, आणि मला पळून जावंसं वाटत होतं. फळीवर बसता बसता तोंडात विनोद तयार झाले, फांदीवरचा एक, साखळीवरचा एक. दुसरं कोणी बोलायच्या आत आपणच बोलून टाकायचं ही माझी जन्माची सवय. मी तोंड उघडलं.

"बोलू नको," म्हातारी म्हणाली. "नवस बोलून फेडत नाईत. गुपचूप बस."

मी गप्प बसले. गर्दीसमोर बसून मी कधी गप्प राहिलेली मला आठवत नाही. बाया घराघरांतून भेल्या घेऊन येऊ लागल्या. प्रत्येक बाई भेली आधी कपाळाला लावी, मग समोरच्या फळीवर ठेवी, वाकून नमस्कार करी आणि बाजूला होई. भेल्या वाढत गेल्या. कोणी खसखसलं नाही, कोणी कोणाला कोपर मारलं नाही. एक पोरगी अजून एक भेली लागते का म्हणून विचारायला आली, तेही तिनं चुलीत अजून एक लाकूड घालू का असं विचारावं इतक्या साधेपणानं विचारलं. मग माझी फळी हलली आणि माझे पाय जमिनीवरून सुटले.

आकडा कोणी सांगितला नाही. आमच्याकडे तो सांगतात, असं मी खाली उतरल्यावर म्हणाले. म्हातारी म्हणाली, "देवीले ठावा हाय न. लोकायले काय करा लागते?"

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. त्या बायांना माझं वजन दिसलंच नव्हतं, हे खरं. पण मीही त्यांना फारशी दिसले नव्हते. त्यांना एक अडलेला नवस दिसला, आणि तो त्यांनी शेजारणीचं अडलेलं काम करावं तसा उरकला. मी जे सांगायला गेले होते ते त्यांना ऐकायची गरजच पडली नाही. इतकी माणसं माझ्यासाठी उठली, आपापल्या घरचा गूळ घेऊन आली, आणि त्या सगळ्यांत मला जितकं एकटं वाटलं तितकं कुठल्याच पडलेल्या कार्यक्रमात वाटलं नव्हतं. त्यांनी मला हळदीकुंकू लावलं, वाण दिलं, घरी वाटायला म्हणून एक भेली कापडात बांधून दिली. बसमध्ये ती भेली मांडीवर घेऊन मी आदिलाबादपर्यंत खिडकीबाहेर बघत आले.

दिवेलागणीला दुकानात पोचले. गिऱ्हाईक नव्हतं. आई गल्ल्याशी बसून सुतळ्यांच्या गाठी सोडवत होती. मी भेली तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. ती गाठी सोडवत ऐकत राहिली.

मग म्हणाली, "लोकं किती होते?"

"सारं गाव."

"हासले?"

"नाई."

"एकबी?"

"एकबी नाई."

तिनं भेली उचलून कपाळाला लावली. मला वाटलं आता नवस फिटला म्हणेल, नाहीतर परक्यांच्या हातानं फिटत नसतो म्हणेल. ती म्हणाली, "तुले वाटते, मले तुई लाज वाटे."

मला तसंच वाटत होतं.

"लाज नोती वं," ती म्हणाली. "मी जल्मभर ह्या काट्यापाशी उभी हाय. बसलेल्या मानसाले लोकं हासले का थो पहिले कोनाकडं पाहते, माईत हाय? आपल्या मानसाकडं. तू माझ्याकडं पाह्यलं असतं. मंग मी काय करू? लोकायसंग हासू, का रडू, का तिथून निंघून जाऊ? मले काईच जमलं नसतं. म्हनून मी म्हनो, थोडी उतरू दे."

तिचा तो आवाज मी किती मंचांवर काढला होता. 'थोडी उतरू दे' म्हटलं की लोक खदखदून हसत, इतका तो हुबेहूब जमत असे. त्या आवाजात भीती आहे, आणि ती माझ्याबद्दलची नसून तिची स्वतःबद्दलची आहे, हे मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. काहीतरी हलकं बोलून तिला हसवावं असं वाटलं. तेवढं एक तर मला येतं. पण जे खरं होतं तेच तोंडातून आलं.

"पाह्यलं होतं मी, आई," मी म्हणाले. "पाय सुटले न, तवा साऱ्या बायांत तुलेच पाह्यलं. तू नोती."

आईनं भेली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. नजर न चुकवता, सबंध, डोक्यापासून पायापर्यंत. मला तिच्या शेजारी जाऊन बसायचं होतं, पण गल्ल्यापाशी तेवढी जागा नव्हती. मी समोरच उभी राहिले.